नऊ पॉइंट आठ

डोंबिवलीत जानेवारी लागला की मला भाव येतो. एरवी सोसायटीत मी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चिडक्या मॅडम. पण ज्यांच्या घरी ‘यंदा बारावी आहे’ ते सगळे जानेवारीत मला जिन्यात गाठतात, हातावर तिळगूळ ठेवतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “मॅडम, आता शेवटच्या महिन्यात काय करायचं?” सव्वीस वर्षं मी इथल्याच एका कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतेय. तेव्हा सल्ला द्यायला मला घराबाहेरही पडावं लागत नाही.

शिवाय दरवर्षी एका सभागृहात माझं व्याख्यान असतं. विद्यार्थी, पालक, नवे शिक्षक, सगळे येतात. माझं सगळं पाठ आहे. पेपर हातात आला की आधी नुसता वाचा. येतं ते आधी सोडवा, अडलंत तर जागा सोडून पुढे जा. समीकरण बॅलन्स केल्याशिवाय पुढे सरकू नका. युनिट विसरलात तर मार्क गेलाच म्हणून समजा. मुलं माना हलवतात, आया वहीत लिहून घेतात. आणि शेवटी माझं ठरलेलं वाक्य, “प्रॅक्टिकलचे तीस मार्क म्हणजे खिशातले! त्याची कसली काळजी करता?” यावर हमखास टाळ्या पडतात. मागे बसलेले शिक्षक गालातल्या गालात हसतात, मीही हसते.

यंदा ते वाक्य माझ्या तोंडून फुटेना. एक आई उठून म्हणाली, “मॅडम, प्रॅक्टिकलचं राहिलं.” मी पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला आणि म्हटलं, “प्रॅक्टिकल स्वतः करा. आणि शिक्षकांनो, वर्षातून एकदा तरी तुम्हीही स्वतः करा.” टाळी एकसुद्धा नाही. संयोजक नंतर म्हणाले, “मॅडम, यंदा शेवट जरा पडला.” पडू दे म्हटलं. मागच्या फेब्रुवारीत मी जी पडले ती अजून उठलेली नाही.

ते सांगायचं तर आधी एका कागदाबद्दल सांगावं लागेल.

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या आधीच्या मॅडम निवृत्त होत होत्या. जाताना त्यांनी मला डायरीतलं एक पान फाडून दिलं. प्रत्येक प्रयोगासमोर त्याचं उत्तर होतं, म्हणजे काय ‘यायला हवं’ ते. परमँगनेटच्या टायट्रेशनपुढे लिहिलं होतं, नऊ पॉइंट आठ. केमिस्ट्री न घेतलेल्यांसाठी सांगते, यात काही मोठं नाही. वर ब्यूरेट म्हणजे आकडे कोरलेली लांब काचेची नळी, तिच्यात जांभळं परमँगनेट. खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड. ते गरम करायचं आणि वरून परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. फिकट गुलाबी रंग येऊन टिकला की थांबायचं आणि किती मिलिलिटर परमँगनेट लागलं ते वाचायचं. असं तीनदा. तीनही वेळा तेच आलं पाहिजे.

पहिल्या वर्षी मी स्वतः करून पाहिलं होतं. नऊ पॉइंट आठच आलं. तेव्हा तो कागद खरा होता, एवढं मी शपथेवर सांगते.

मग काय झालं? काही झालं नाही, तेच तर झालं. मुलं क्लासला जायला लागली, कॉलेजात फिरकेनाशी झाली. डिसेंबरात एकदम उगवायची आणि सगळे प्रयोग चार दिवसांत उरकायचे. मग कोण थेंब थेंब सोडत बसतंय? फळ्यावर रीडिंग लिहायचं, जर्नलमध्ये उतरवून घ्यायचं, खाली माझी सही. मुलं इतकी तयार झाली की बर्नर पेटवायच्या आधी विचारायची, “मॅडम, किती यायला पाहिजे?” आणि मी सांगायचे. आम्ही सगळेच सांगायचो. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येतात, एक्स्टर्नल म्हणतात त्यांना. त्यांनाही आम्ही आधी कागद देतो, ‘सर, आमच्याकडची रीडिंग्ज.’ तेही त्यावरून टिक करत जातात. कोणाच्या पोटात दुखत नाही. तीस मार्क खिशात.

मागच्या वर्षीच्या बॅचमध्ये शहाडहून येणारी एक मुलगी होती. क्लास नाही, काही नाही. दर प्रॅक्टिकलला वेळेवर हजर, ॲप्रन धुतलेला, केस घट्ट बांधलेले. तिचे वडील इथल्याच एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला. तिलाही तेच करायचं होतं, बीएस्सी करून लॅबमध्ये जायचं. “पण पप्पांसारखं हेल्पर नाही, केमिस्ट,” असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मला आवडली होती पोरगी. मार्क मात्र तिला सांभाळायला हवे होते. थिअरीत बेताची होती, ज्या कॉलेजात जायचं होतं तिथलं मेरिट वर, त्यामुळे हे तीस तिला पुरे लागणार होते.

डिसेंबरातल्या प्रिलिमला तिने लिहिलं, तेरा पॉइंट चार. तिन्ही ओळींत.

मी वहीवर बोट आपटलं. “हे काय?”

“मॅडम, तेवढंच येतंय.”

“अगं, तेरा कसं येईल? वीस जणांचं नऊ पॉइंट आठ आणि तुझं एकटीचं तेरा? थेंब सोडतेस की नळ सोडतेस?” सगळी बॅच हसली. मी लाल पेनने ते तीनही आकडे खोडले, वर नऊ पॉइंट आठ लिहिलं आणि वही तिच्याकडे ढकलली. ती वहीकडे बघत राहिली.

दोन दिवसांनी तिचे वडील स्टाफरूमच्या दाराशी उभे. पहिली पाळी संपवून तसेच आलेले, नखांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. खुर्ची देऊनही बसले नाहीत.

“मॅडम, पोरगी म्हणते रीडिंग बदलायला सांगतात. म्हटलं काहीतरी गैरसमज असेल, विचारून यावं.”

मी म्हटलं, “गैरसमज नाही. तिचं चुकतंय, मी बरोबर करून दिलं.”

“असेल, असेल. लहान आहे.” मग जरा थांबून म्हणाले, “आमच्याकडे दर तासाला सॅम्पल येतं. जे दिसेल तेच लिहायचं. एकदा एकाने कंटाळा केला, मागच्या तासाचंच उतरवलं. दुसऱ्याचं लक्ष गेलं म्हणून निभावलं, नाहीतर आम्ही सगळेच गेलो असतो. म्हणून घरी सांगून ठेवलंय, चुकीचं आलं तर चुकीचं लिही, पण दिसलं तेच लिही. हिला याच लाइनीत यायचंय, मॅडम. हात खोटा नको व्हायला.”

आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला राग आला. हा हेल्पर मला केमिस्ट्री शिकवणार! मी म्हटलं, “अहो, कारखाना वेगळा, परीक्षा वेगळी. आधी मार्क पडू देत, मग आयुष्यभर खरं लिहू दे तिला. तुम्हाला तिचं नुकसान करायचंय का?”

माणूस चपापला. “नाही नाही. तुम्ही म्हणाल तसं.” दारातून परत वळून म्हणाले, “तुम्ही एकदा करून बघाल का, मॅडम? तिच्याच टेबलावर?”

“बघते,” म्हटलं. बघितलं नाही. पेपरांचे गठ्ठे होते, जर्नलच्या सह्या होत्या. खरं सांगायचं तर बघायची गरजच वाटली नाही. ज्याचं उत्तर पंचवीस वर्षं माहीत आहे ते कशाला बघायचं?

फेब्रुवारीत बोर्डाचं प्रॅक्टिकल लागलं. एक्स्टर्नल ठाण्याहून आले, टेंभी नाक्याजवळच्या एका कॉलेजातले, माझ्याच वयाचे, हसतमुख. उपमा-कॉफी झाली, कागद त्यांच्या हातात दिला. तिची बॅच दुपारची. तिच्या वाट्याला नेमकं परमँगनेटच आलं.

मी टेबलांमधून फिरत होते. बाकीची मुलं ब्यूरेट उघडून दोन-चार थेंब सोडल्यासारखं करत होती, आकडे आधीच लिहून मोकळी. ती मात्र डोळा नळीच्या रेषेला लावून बसली होती. पहिलं झालं, फ्लास्क धुतला. दुसरं झालं, धुतला. तिसरं. मग तिने पेन उचललं आणि लिहिलं. तेरा पॉइंट चार. तीनदा.

मी तिच्या शेजारी वाकले. “अगं, वर्षभर काय सांगितलं तुला?”

“मॅडम, तीनदा तेवढंच आलं.” डोळे भरले होते, आवाज मात्र स्वच्छ. “तुम्ही एकदा करून बघता का?”

बापाचंच वाक्य. एक्स्टर्नलनी मान वळवली. मी तिच्या पेपरवर बोट दाबलं आणि ओठ न हलवता म्हणाले, “नऊ पॉइंट आठ. तुझ्या भल्यासाठी सांगतेय. तुझी सीट जाईल, कळतंय का?” आणि पुढे निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही. तिचा चेहरा बघून मला वाटलं होतं, ही काही ऐकायची नाही. गेले हिचे मार्क.

अडीचला बॅच सुटली. एक्स्टर्नल प्राचार्यांच्या खोलीत जेवायला गेले, पेपरांचा गठ्ठा सोबत घेऊन. मी लॅबमध्ये थांबले, कारण त्या पोरीसाठी त्यांच्याकडे रदबदली करायची होती. नुसतं ‘सर, बघा ना’ कसं म्हणणार? काहीतरी कारण हवं. माप घ्यायची पिपेट तडकलेली असेल, ब्यूरेट गळत असेल. तिचं टेबल तसंच होतं, ब्यूरेटमध्ये परमँगनेट शिल्लक होतं. म्हटलं, चला, हिने कुठे माती खाल्ली ते तरी बघू.

किती वर्षांनी मी ब्यूरेट हातात धरली देव जाणे. हात मात्र विसरले नव्हते. फ्लास्क गरम केला, थेंब सोडत गेले. नऊ पॉइंट आठ आलं. रंग नाही. दहा. रंग नाही. अकरा, बारा.  तेरा पॉइंट चारला फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला.

छे! काहीतरी चुकलं. परत केलं. तेरा पॉइंट चार. मग शेजारच्या टेबलावर गेले, तिथली ब्यूरेट, तिथली पिपेट. तेरा पॉइंट चार. खिडकीकडच्या टेबलावर, तेरा पॉइंट तीन.  या टेबलावरच्या मुलाने नऊ पॉइंट आठ लिहिलं होतं. त्या टेबलावरच्यानेही. सगळ्या खोलीत एकच रीडिंग खरं होतं आणि मी त्यावर बोट दाबून आले होते.

“मामा!” मी एवढ्या जोरात ओरडले की आमचे लॅबमधले मामा डबा तसाच टाकून धावत आले. सोल्यूशन्स तेच बनवतात. “परमँगनेट कशात केलंत?”

“नेहमीच्याच कॅनमध्ये.”

“कॅनमध्ये? लिटरचा फ्लास्क कुठाय?”

“तो तर फुटला ना, मॅडम. तीन वर्षं झाली.” आतून ते पाण्याचा एक प्लॅस्टिकचा कॅन घेऊन आले. त्यावर हिरव्या स्केचपेनने रेघ मारलेली होती. “इथपर्यंत पाणी भरतो. अंदाजाने मारलीय.” ती रेघ लिटरच्या चांगली वर होती, नुसत्या डोळ्याला कळत होतं. परमँगनेट पातळ, मग लागणार जास्तच. अकरावीतल्या पोरालाही कळेल असं सरळ गणित.

“आणि मला सांगितलं नाहीत?”

मामा माझ्याकडे बघतच राहिले. “सांगितलं होतं की. नवा मागवा म्हटलं होतं. तुम्हीच म्हणालात, मामा, रीडिंग बरोबर येतायत ना सगळ्यांची? मग राहू दे.”

मी तिथल्या स्टुलावर मटकन बसले. आठवलं मला, शब्दन् शब्द आठवला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ना, तसा प्रकार, आणि त्यातलं आंधळं मीच. तीन वर्षं चुकीचं सोल्यूशन, शेकडो मुलं, एकालाही कळलं नाही. कळणार कसं? आम्ही सगळे मिळून बरोबर उत्तर लिहीत होतो. ज्या एकीला कळलं तिच्यावर मी सगळ्या बॅचला हसवलं होतं.

उठले. मनात एकच होतं, मार्क भरायच्या आत तिचा पेपर गाठायचा. प्राचार्यांच्या खोलीत गेले तेव्हा एक्स्टर्नल एकटेच होते, श्रीखंडाची वाटी हातात. मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. फ्लास्क, कॅन, रेघ, तेरा पॉइंट चार. “सर, त्या मुलीचं बरोबर आहे. तिचे मार्क कापू नका. वाटल्यास चला, तुमच्यासमोर करून दाखवते. बाकीच्यांचं काय करायचं ते करा, माझ्याविरुद्ध लिहून द्या, पण तिचे कापू नका.”

त्यांचा चमचा वाटीतच राहिला.  मग हळूच म्हणाले, “आमच्याकडे नऊ पॉइंट सहा आहे.”

“काय?”

“आमच्या कागदावर. नऊ पॉइंट सहा. मीही कधी...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. वाटी बाजूला ठेवली, हात पुसले, गठ्ठा पुढे ओढला. “पण मॅडम, कोणाचं तेरा आलंय म्हणता? मी आत्ताच सगळे तपासले. परमँगनेटवाले सगळे नऊ पॉइंट आठच आहेत.”

मी सीट नंबर सांगितला. त्यांनी पेपर काढून माझ्यासमोर धरला.

तेरा पॉइंट चार. तेरा पॉइंट चार. तेरा पॉइंट चार. तिन्हींवर पट्टीने मारलेली एक सरळ रेघ. वर तिच्या त्या गोल अक्षरात नऊ पॉइंट आठ, तीनदा. खालची आकडेमोड सगळी त्यावरून, एकही युनिट न विसरता. शेजारी एक्स्टर्नलची टिक आणि मार्क, पैकीच्या पैकी.

 वाचवायला आले होते, तर वाचवायला काही उरलंच नव्हतं. तिने माझा सल्ला ऐकला होता. एक्स्टर्नल काहीतरी बोलत होते, कॅन बदला, उद्याच्या बॅचला नीट करू वगैरे. मी हो हो म्हणत बाहेर आले.

फाटकाशी ती उभी होती. पाळी संपवून वडील तिला न्यायला आले होते, शहाडला दोघं बरोबर जाणार होते. मला बघून ते पुढे आले. “मॅडम, कधीचं विचारतोय, रीडिंग काय आलं, तर बोलतच नाहीये. बिघडलं का काही?”

निदान एवढं तरी खरं बोलावं म्हणून मी म्हणाले, “तेरा पॉइंट चार. मी आत्ता स्वतः करून आले. तुमच्या मुलीचं पहिल्यापासून बरोबर होतं. आमचंच सोल्यूशन चुकलं होतं, तीन वर्षं. माझं चुकलं.”

त्या माणसाचा चेहरा असा काही उजळला! “बघ! मी तुला म्हणत नव्हतो?” त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. “दिसलं ते लिहायचं, बास!”

तिने मान वर केली नाही. चपलेच्या अंगठ्याकडे बघत हळू आवाजात विचारलं, “मॅडम, मार्क पडले ना?”

“पैकीच्या पैकी,” मी म्हटलं.

“पडणारच!” वडील हसत म्हणाले. “खरं लिहिलंय म्हटल्यावर पडणारच की. काय मॅडम?”

तिने तेव्हा एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी ‘हो’ म्हणाले.